संगणक सुरू होत नाही तेव्हा : एक कारणमीमांसा



आपल्या वसतिगृहात कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या घरी आज संगणक आहे. कुणाकडे तो नवा आहे, तर कुणी कार्यालयातून निकाली निघालेला जुना विकत घेऊन मुलांसाठी मांडला आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखल्यांच्या प्रती, गुणपत्रिका, लग्नकार्याची आणि घरातल्या दिवंगतांची छायाचित्रे हे सारे आता कपाटातल्या पेटीऐवजी या यंत्रात राहते. अशा यंत्राचे बटण एखाद्या सकाळी दाबावे आणि ते सुरूच होऊ नये, किंवा सुरू होता होता पुन्हा पुन्हा बंद पडावे, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. अशा वेळी माणूस घाबरतो आणि पहिला भेटणारा जे सांगेल ते मान्य करतो. यंत्राच्या बिघाडापेक्षा या घाईनेच अधिक हानी होते, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले, हे सांगण्यासाठी हा लेख.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. परंतु कारणांचा शोध घेणे हा माझ्या विषयाचा गाभा आहे, आणि बंद पडलेल्या संगणकापुढे तीच रीत उपयोगी पडते, हे मला उशिरा का होईना उमगले.

१. प्रसंग

या स्मरणिकेसाठी सुमारे दोन वर्षे मी शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांच्या आठवणी गोळा करीत होतो. कुणाच्या घरी जाऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले, कुणाकडून जुनी छायाचित्रे आणून त्यांच्या प्रती काढल्या आणि मूळ छायाचित्रे परत केली. ज्यांच्याशी बोललो त्यांतील एक वयोवृद्ध गृहस्थ पुढे सहा महिन्यांतच निवर्तले. त्यांचा आवाज माझ्या घरच्या संगणकात होता, आणि केवळ तिथेच होता. त्याची दुसरी प्रत मी केलेली नव्हती. ही माझी चूक मी प्रथमच कबूल करतो.

संगणक जुना होता आणि त्यातील विंडोज ७ ही प्रणालीही जुनीच. तिच्यासाठीचे सुरक्षा-सुधार १४ जानेवारी २०२० रोजीच थांबलेले. चालते आहे तर चालू द्यावे, या वृत्तीने मी ते वापरत होतो. पावसाळ्यातल्या एका सकाळी बटण दाबले. पंखा फिरला, निर्मात्या कंपनीचे नाव पडद्यावर आले, विंडोजचे चिन्ह उमटू लागले आणि क्षणभर निळा पडदा चमकून यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. पुन्हा तेच. दहा वेळा तेच.

दुकानात नेला. दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने पेटी उघडली, धूळ झटकली, रॅमची पट्टी काढून पुसून बसवली, एक केबल बदलली आणि आतल्या सेटिंगमध्ये काहीतरी केले. संगणक सुरू झाला. त्याने पैसे घेतले, मी आनंदाने दिले. नऊ दिवस यंत्र उत्तम चालले. दहाव्या दिवशी पुन्हा तोच निळा पडदा. पुन्हा दुकान, पुन्हा तेच सारे उपाय, पुन्हा सुरू. या खेपेस तीन दिवस. तिसऱ्या खेपेस एका रात्रीतच बंद. तेव्हा दुकानात निर्वाणीचा सल्ला मिळाला : “सर, हार्ड डिस्क गेली. नवीन टाका, नाहीतर हिलाच फॉरमॅट मारून देतो.”

फॉरमॅट म्हणजे डिस्कची पाटी कोरी करणे. त्या पाटीवर एका मृत माणसाचा आवाज होता. मी संगणक उचलून घरी आणला.

त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे दिवसाला दहा यंत्रे येतात आणि प्रत्येक ग्राहकाला घाई असते. पण एक गोष्ट मला तेव्हा खटकली. त्याने चार उपाय एकाच वेळी केले होते. त्यांपैकी कोणत्या उपायाने संगणक सुरू झाला, हे त्यालाही सांगता येत नव्हते आणि मलाही. ज्या उपायाचे कारण ठाऊक नाही, तो उपाय पुढच्या खेपेस कामाला येईलच, याचा भरवसा काय?

२. संगणक सुरू होतो म्हणजे काय होते?

रोगाचे निदान करण्यापूर्वी निरोगी शरीराचे काम समजून घ्यावे लागते. संगणक सुरू होण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘बूट’ म्हणतात. हा शब्द पायातल्या बुटावरूनच आला आहे. उंच बूट पायात ओढून घेण्यासाठी त्याला मागे एक पट्टा असतो. आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला जमिनीवरून वर उचलणे, अशी एक अशक्य गोष्टीची कल्पना त्या भाषेत रूढ होती. संगणकापुढे तसाच पेच असतो. डिस्कवरचा कार्यक्रम स्मृतीत आणण्यासाठी आधी एक कार्यक्रम चालू असावा लागतो. मग तो पहिला कार्यक्रम कोण आणणार? हा पेच सुटतो तो मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमुळे. तिच्यात पहिला कार्यक्रम कायमचा लिहून ठेवलेला असतो. त्यालाच ‘बायोस’ म्हणतात. अलीकडच्या यंत्रांत त्याची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे.

बटण दाबल्यापासूनचा क्रम असा असतो.

पहिली पायरी विजेची. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज ‘एसएमपीएस’ नावाच्या डब्यात जाते आणि तिथून ३.३, ५ व १२ व्होल्टची सौम्य वीज होऊन यंत्राच्या अवयवांना मिळते.

दुसरी पायरी स्वतःच्या तपासणीची. बायोस जागा होऊन प्रोसेसर, रॅम, चित्र दाखवणारा भाग, कळफलक हे सारे हजर आहेत की नाहीत, याची हजेरी घेतो. आपल्या वसतिगृहात सकाळच्या प्रार्थनेआधी हजेरी होत असे, तशीच ही. कुणी गैरहजर असेल तर काही यंत्रे ‘बीप’ असा आवाज देऊन कळवतात.

तिसरी पायरी शोधाची. कोणत्या डिस्कवरून प्रणाली उचलायची, याचा क्रम बायोसच्या सेटिंगमध्ये नोंदलेला असतो. त्या क्रमाने तो डिस्क शोधतो.

चौथी पायरी प्रणालीची. डिस्कच्या आरंभी असलेला छोटा कार्यक्रम विंडोजला हाक मारतो, विंडोज स्मृतीत येऊ लागते आणि कारभार तिच्या हाती जातो.

पाचवी पायरी आपल्या ओळखीची. नाव आणि संकेतशब्द विचारणारा पडदा येतो.

या पाच पायऱ्या ध्यानात ठेवल्या की ‘संगणक सुरू होत नाही’ हे वाक्य किती अपुरे आहे, हे कळते. ‘माणूस आजारी आहे’ एवढे सांगून वैद्याला औषध देता येत नाही. कोणत्या पायरीपर्यंत संगणक पोहोचतो आणि कुठे अडतो, हा पहिला प्रश्न आहे.

३. अडलेली पायरी कशी ओळखावी?

बटण दाबूनही दिवा लागत नसेल, पंखा फिरत नसेल, तर अडचण पहिल्या पायरीवर आहे. भिंतीवरचे सॉकेट दुसरे उपकरण लावून तपासावे, वायर दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का ते पाहावे आणि एसएमपीएसच्या मागचे छोटे बटण कुणी चुकून बंद केले आहे का तेही पाहावे. हे सारे ठीक असेल तर एसएमपीएसवर संशय घ्यावा. मात्र एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्याच्या आत धोकादायक वीज साठून राहू शकते.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो, तर दुसरी पायरी पाहावी. आधी मॉनिटरचे बटण आणि त्याची केबल तपासावी. हा साधा दोष असूनही लोक दुकानापर्यंत जातात. त्यानंतर रॅमचा क्रम येतो. आपल्याकडच्या दमट हवेत रॅमच्या पट्टीचे सोनेरी टोक मळते आणि जोड सुटतो. यंत्राची वायर पूर्ण काढून, पेटीच्या धातूला हात लावून अंगातली स्थिरवीज घालवून, पट्टी सरळ बाहेर काढावी, टोक पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावे, रबराचा चुरा झटकावा आणि दोन्ही बाजूंचे चाप ‘टक्’ असे बसेपर्यंत पट्टी दाबावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. बीपचा आवाज येत असेल तर किती वेळा आणि लांब की आखूड, हे लिहून ठेवावे. त्याचा अर्थ निर्मात्यागणिक बदलतो, पण जाणकारासाठी ती मोलाची साक्ष असते.

कंपनीचे नाव येते आणि नंतर काळ्या पडद्यावर ‘बूट करण्याजोगे साधन सापडले नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो, तर अडचण तिसऱ्या पायरीवर आहे. सर्वप्रथम पेन ड्राइव्ह यंत्राला लागून राहिलेला नाही ना, ते पाहावे. काही वेळा संगणक त्याच्यातच प्रणाली शोधत बसतो. मग बायोसच्या सेटिंगमध्ये हार्ड डिस्कचे नाव दिसते का, ते पाहावे. यंत्र सुरू होताच डिलीट किंवा एफ२ कळ वारंवार दाबली की बहुतेक यंत्रांत ही सेटिंग उघडतात. डिस्कचे नाव नसेल तर तिची केबल सैल झालेली असू शकते. जुन्या फिरत्या डिस्कमधून ‘टक-टक’ असा एकसारखा आवाज येत असेल, तर मात्र यंत्र तत्काळ बंद करावे. तो डिस्कच्या आतल्या भागांच्या बिघाडाचा इशारा असतो आणि अशा स्थितीत ती चालवत राहिल्यास उरलेली माहितीही जाते.

विंडोजचे चिन्ह येते आणि निळा पडदा दाखवून यंत्र पुन्हा सुरू होते, तर बिघाड चौथ्या पायरीवर आहे. इथे कारणे अनेक असतात : अर्धवट राहिलेला अपडेट, नव्याने टाकलेला एखादा ड्रायव्हर, खराब झालेली प्रणालीची फाइल, डिस्कचा दोष किंवा बदललेली सेटिंग. ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे किमान साहित्यानिशी विंडोज सुरू होते का, ते पाहावे. सुरू झाली तर यंत्राचे मूळ अवयव बहुधा ठीक आहेत आणि दोष नंतर टाकलेल्या एखाद्या गोष्टीत आहे, असे मानायला जागा असते.

आणि संगणक नीट सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडत असेल, तर उष्णतेचा विचार करावा. प्रोसेसरवरचा पंखा धुळीने कोंडला की यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी बंद होते.

४. तारखेचा पुरावा

आता माझ्या संगणकाकडे वळतो. तो चौथ्या पायरीवर अडत होता. पण हे मला तेव्हा कळत नव्हते. मी आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. तो पुण्यात संगणक देखभालीचे काम करतो. शाळेत असताना सनावळ्या पाठ करण्याचा त्याला भारी कंटाळा.

“सर, जय भीम. फॉरमॅट अजिबात करू नका,” तो म्हणाला. “आधी मला सांगा, बायोस उघडल्यावर पहिल्या पडद्यावर तारीख काय दिसते?”

मी पाहिले आणि चकित झालो. तारीख होती १ जानेवारी २००९, आणि वेळ मध्यरात्रीनंतरची काही मिनिटे.

तो हसला. “सर, तुम्हीच शिकवायचात ना, कागद हाती आला की आधी तारीख तपासा म्हणून?”

मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली. वर्गात पंचवीसहून अधिक वर्षे मी हेच सांगत आलो. ताम्रपट असो वा पत्र, त्यावरची तारीख आणि त्यातील मजकूर यांचा मेळ बसतो का, हे प्रथम पाहावे. माझ्या घरातले यंत्र रोज खोटी तारीख सांगत होते आणि मी एकदाही ती वाचली नव्हती.

त्याने मग मला कारण समजावले. संगणक पूर्ण बंद असतानाही त्यातले घड्याळ चालू राहते. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या एका स्फटिकावर ते चालते. त्याला वीज मिळते ती मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीतून. तिला बोलीभाषेत ‘सीमॉस सेल’ म्हणतात. तिच्यावर ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते. त्यातील २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. ती ३ व्होल्टची असते. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या ‘पीसी-एटी’ या संगणकात घड्याळ आणि सेटिंग बॅटरीच्या आधारे जपण्याची सोय आली. तीच व्यवस्था पुढे घरोघरीच्या संगणकांत रूढ झाली.

ही बॅटरी केवळ घड्याळ चालवत नाही. माझ्यासारख्या जुन्या यंत्रांत बायोसची सेटिंगही तिच्याच जोरावर टिकून असतात. बॅटरी दुबळी झाली की घड्याळ मागे जाते आणि सेटिंग कारखान्यातल्या मूळ स्थितीला परततात. माझ्या संगणकात विंडोज बसवली गेली तेव्हा डिस्कशी बोलण्याची पद्धत ‘एएचसीआय’ अशी ठेवलेली होती. कारखान्याची मूळ पद्धत मात्र ‘आयडीई’ होती. बॅटरी विसरली की पद्धत बदलायची. विंडोज एका भाषेत डिस्कला हाक मारायची आणि डिस्क दुसऱ्या भाषेत उत्तर द्यायची. डिस्क शाबूत असूनही विंडोजला ती सापडत नसे, म्हणून निळा पडदा.

हे खरे आहे का, ते पडताळायचे होते. निळा पडदा क्षणभरच चमकत असल्याने त्यावरचा मजकूर वाचता येत नव्हता. त्याच्या सांगण्यावरून मी यंत्र सुरू होताना एफ८ कळ दाबली आणि बिघाड झाल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणे बंद करण्याचा पर्याय निवडला. आता निळा पडदा स्थिर राहिला. त्यावरील संकेतांकाचा शेवट ‘सेव्हन-बी’ असा होता. प्रणाली ज्या डिस्कवर आहे ती डिस्कच हाती लागत नाही, असा त्याचा अर्थ. साक्ष जुळली.

तरीही एक प्रश्न उरला होता. बॅटरी दुबळी होती, तर संगणक एकदा नऊ दिवस, एकदा तीन दिवस आणि एकदा एकच दिवस का चालला? याचे उत्तर माझ्या पत्नीने दिले. घरात काटकसरीची सवय असल्याने आम्ही रात्री भिंतीवरचे बटण बंद करतो. बटण चालू असेल तर संगणक बंद असतानाही एसएमपीएसकडून थोडी वीज मदरबोर्डला मिळत राहते आणि बॅटरीवर भार पडत नाही. पहिल्या नऊ दिवसांत मी रात्री उशिरापर्यंत काम करून बटण तसेच सोडत होतो. नवव्या रात्री ते बंद केले. दुसऱ्या खेपेस तिसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी परिसरातली वीज बराच वेळ बंद होती. तिसऱ्या खेपेस पहिल्याच रात्री तिने बटण बंद केले होते. दुकानातून घरी आणण्याच्या अर्ध्या तासात बॅटरी तग धरायची, पण आख्खी रात्र तिला पेलवत नसे. तीनही घटना एका कारणात बसल्या, तेव्हा माझी खात्री झाली.

दुकानातला तरुण प्रत्येक वेळी सेटिंग आणि तारीख ठीक करून देत होता. उपाय योग्यच होता, पण त्यामुळे पुरावा दर वेळी पुसला जात होता आणि मूळ कारण जागेवरच राहत होते.

५. आधी प्रत, मग दुरुस्ती

कारण कळले तरी लगेच दुरुस्तीला हात घालायचा नाही, असे त्याने बजावले. ज्या वस्तूला मोल आहे ती आधी सुरक्षित करायची. मुलीच्या लॅपटॉपवर आम्ही उबुंटू ही मोफत मिळणारी प्रणाली एका पेन ड्राइव्हवर घेतली. माझा संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला. ही प्रणाली डिस्कवर काहीही न बसवता, नुसती पाहण्यापुरती चालवता येते. मात्र सुरुवातीला येणाऱ्या पर्यायांत ‘ट्राय’ निवडायचे, ‘इन्स्टॉल’ नव्हे. चुकून ‘इन्स्टॉल’ निवडून पुढे गेल्यास डिस्क पुसली जाऊ शकते.

पडद्यावर माझ्या फाइली दिसू लागल्या. ‘गेली’ म्हणून सांगितलेली डिस्क शाबूत होती. त्या वृद्ध गृहस्थांचा आवाज मी तिथेच ऐकला. पहिल्या तुकडीची मुले नदीवरून पाणी कसे आणत, ते सांगत होते. सारे साहित्य बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायला रात्रीचे अकरा वाजले.

दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी आणली. तिची किंमत दुकानात तीन वेळा दिलेल्या पैशांपुढे नगण्य होती. यंत्राची वायर काढून, चाप बाजूला सारून जुनी बॅटरी काढली आणि अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवी बसवली. बायोसमध्ये तारीख व डिस्कची पद्धत ठीक केली. विंडोज सुरू झाली. मग मुद्दाम भिंतीवरचे बटण बंद करून रात्र जाऊ दिली. सकाळी संगणक सुरू झाला आणि तारीख बरोबर होती. ही शेवटची परीक्षा आवश्यक असते. दुरुस्ती झाली असे म्हणण्यापूर्वी ज्या परिस्थितीत बिघाड होत होता, तीच परिस्थिती पुन्हा आणून पाहावी.

सर्वच संगणकांचे कारण बॅटरी असते, असे मात्र कुणी समजू नये. तुमच्या यंत्रात रॅम असेल, केबल असेल, खरोखर डिस्कही गेलेली असेल. माझा आग्रह शोधण्याच्या रीतीसाठी आहे.

६. घरी पाळावयाचे नियम

विद्यार्थी आणि पालक यांच्या सोयीसाठी ही रीत थोडक्यात मांडतो.

(१) घाबरून बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. संगणक कोणत्या पायरीवर अडतो ते शांतपणे पाहावे आणि पडद्यावरील संदेशाचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे.

(२) एक वही करावी. बिघाड कधी झाला, त्याआधी काय केले होते, वीज गेली होती का, नवे काही बसवले होते का, हे तारखेनिशी लिहावे. आठवणीवर विसंबू नये.

(३) एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढचा करावा. उपयोग झाला नाही तर तो बदल पूर्ववत करावा.

(४) साध्या, बिनखर्चाच्या गोष्टी आधी तपासाव्यात. वायर, बटण, पेन ड्राइव्ह, केबल, तारीख हे पाहून झाल्यावरच खर्चिक भागांकडे वळावे.

(५) फॉरमॅटला संमती देण्यापूर्वी दुरुस्ती करणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत : “आतल्या फाइलींची प्रत काढली का?” आणि “बिघाडाचे कारण काय सापडले?” हे विचारण्यात कमीपणा नाही. चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही.

(६) डिस्क खराब असल्याचा संशय असेल तर तिच्यावर दुरुस्तीचे कार्यक्रम चालवण्याआधी प्रत काढावी. दुरुस्तीच्या ताणाने मरणासन्न डिस्क पुरती जाऊ शकते.

(७) संगणक ठीक चालत असतानाच बायोसच्या सेटिंगची छायाचित्रे काढून ठेवावीत. नव्या विंडोजच्या अनेक यंत्रांत डिस्क कुलूपबंद असते आणि सेटिंग बदलल्यास ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती किल्ली आधीच वहीत उतरवून ठेवावी.

(८) ज्याला मोल आहे त्याच्या किमान तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात.

या शेवटच्या नियमाबद्दल दोन शब्द अधिक लिहितो. आपल्या आजी-आजोबांचे लिखित दस्तऐवज फारसे उरलेले नाहीत. त्यांना लिहिण्याची संधीच मिळाली नव्हती. त्यांच्याबद्दल जे कळते ते बहुधा इतरांनी लिहिलेल्या कागदांतून. आज आपण आपला इतिहास स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या छायाचित्रांत नोंदवू लागलो आहोत. तो एकाच डिस्कवर ठेवणे आणि ती डिस्क कुणाच्याही सांगण्यावरून पुसू देणे, ही आपल्याला न परवडणारी गोष्ट आहे.

ज्या आठवणी त्या संगणकात अडकल्या होत्या, त्या या स्मरणिकेच्या पुढील पानांवर आपल्या हाती आहेत. त्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती केल्या असून एक शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. माजी विद्यार्थ्यांना विनंती की आपल्या घरच्या संगणकात शाळेची जुनी छायाचित्रे असतील तर त्यांची प्रत ग्रंथालयाकडे पाठवावी. यंत्र सुरू आहे तोवरच हे काम करून टाकावे.